तुर्की दुकानातून घेतलेलं शेत

१४ ऑगस्ट २०१८

आज फरशीवाल्यानं गाळ्याची चावी परत दिली. म्हणाला, "ताई, पाणीच नाही तर बांधकामं बंद. बांधकामं बंद तर माझी फरशी कोण घेणार?" खरंच आहे. औरंगाबादला देवळाई चौकात राहायला आलो तेव्हा दर महिन्याला एक नवी इमारत वर जायची. आता तिन्ही बाजूंनी नुसते सांगाडे उभे आहेत.

गाळा आमचाच. बिडकीनच्या पुढची आमची जमीन औद्योगिक वसाहतीत गेली. तिच्या पैशातून हा गाळा आणि मागच्या गल्लीतला फ्लॅट घेतला. घरात आम्ही चौघं. सुदर्शन वाळूजला कारखान्यात पाळीनं कामाला जातात. सासूबाईंना मी आत्या म्हणते, सासऱ्यांना मामा. आत्यांनी गल्लीत लगेच ओळखी काढल्या. मामा मात्र दोन वर्षं झाली, घराबाहेर पडत नाहीत. गॅलरीत खुर्ची टाकून समोरच्या भिंतीकडं बघत बसतात. जेवा म्हटलं की जेवतात.

सुदर्शन म्हणाले, "दुसरा भाडेकरू बघू."

मी म्हणाले, "बघू नका. मी चालवते."

"काय चालवतेस?"

"कॉम्प्युटरवर गेम खेळायचं पार्लर. आजूबाजूला तीन कॉलेजं आहेत, पोरांना बसायला जागा नाही."

ते हसले. मी बिडकीनला सेतू केंद्रात सहा वर्षं कॉम्प्युटरवर बसले, हे ते विसरले असतील. मी विसरलेले नाही.

२ सप्टेंबर

बंद पडलेल्या सायबर कॅफेचे सहा कॉम्प्युटर मिळाले. खेळांचं मात्र अवघड आहे. आता कुणी डबी आणि सीडी घेत नाही, सगळं ऑनलाइन दुकानातून उतरवायचं. पोरं ज्या खेळांसाठी येतील त्यातला एकेक तीन-तीन हजारांचा.

कॅनॉटच्या बाजारात बद्रीनाथ नावाचा गृहस्थ आहे, कॉम्प्युटरचे सुटे भाग विकतो. चाळिशीचा, तोंडात कायम बडीशेप. मी यादी दाखवली तर म्हणाला, "भाभी, इथल्या भावात घ्याल तर दिवाळीपर्यंत दुकान बंद. दुकान एकच आहे, पण प्रत्येक देशासाठी त्याचा भाव वेगळा. तुर्कस्तानचा पैसा मागच्या महिन्यात धाडकन पडला. तिथला भाव बघा."

बघितला. तीन हजारांचा खेळ आठशेला. तोच खेळ, तेच चित्र. आधी विश्वास बसेना. मग मी वही काढली आणि एकेक खेळ पाच देशांत शोधला. ब्राझीलमध्ये काय, रशियात काय, अर्जेंटिनात काय. एक खेळ रशियात स्वस्त होता, पण तो फक्त रशियन भाषेत निघाला. एक तिथल्या सीमेबाहेर चालतच नाही. हे सगळं बारीक अक्षरात तळाशी लिहिलेलं असतं आणि लोक वाचत नाहीत. मी सातबारा वाचलेली बाई आहे, तळाची ओळ आधी वाचते.

बद्रीनाथ म्हणाला, "भाभी, पंधरा वर्षांत असं गिऱ्हाईक आलं नाही."

४ सप्टेंबर

खातं उघडलं. देश तुर्कस्तान. पत्ता विचारला तेव्हा हात थांबला. बद्रीनाथनं सांगितलं होतं तसं नकाशावरून अंकारातल्या एका हॉटेलचा पत्ता घातला. तिथल्या पैशाची भेटकार्डं तोच देतो, त्यामुळे बँकेचा प्रश्न नाही.

मनात थोडं खुटखुटलं. मग वाटलं, कुणाच्या खिशात हात घातलेला नाही. त्यांनीच लावलेल्या भावानं विकत घेतेय. सगळेच करतात.

१८ ऑक्टोबर, दसरा

उद्घाटन झालं. अकरा खेळ, सहा कॉम्प्युटर, भिंतीला निळा रंग. एवढे खेळ गारखेड्यापासून बायपासपर्यंत कुणाकडं नाहीत. आत्यांनी कॉम्प्युटरला हळदकुंकू लावलं, पडद्यालाच लावत होत्या, हात धरला. सुदर्शननं नारळ फोडला. मामा आले नाहीत.

संध्याकाळपर्यंत सहाही जागा भरलेल्या. एक पोरगा म्हणाला, "काकू, हा खेळ तुम्ही आणला? पुण्याचा माझा भाऊ अजून घ्यायचं म्हणतोय." मी नुसती मान हलवली. पण आतून फुलून गेले. खरं आहे ते लिहायचं म्हणून ही वही आहे.

२९ ऑक्टोबर

दोन-तीन मोठी पोरं येतात, खेळत नाहीत. गल्ल्याला रेलून उभी राहतात. आज एक म्हणाला, "काकू, तुमच्यासोबत एक डाव खेळायचा असेल तर किती?" बाकीचे हसले. मी म्हटलं, "वेळ संपली, निघा." निघाले, पण दारात उभं राहून शिट्टी वाजवली.

सुदर्शनना सांगणार नाही. ते लगेच गाळा भाड्यानं द्या म्हणतील. समोरच्या पारूबाईंनी मात्र बघितलं. त्यांच्या नजरेला काही चुकत नाही, आणि त्यांचं आत्यांशी रोजचं बसणं.

१ नोव्हेंबर

नवल झालं. सकाळी निघाले तर मामा टोपी घालून दारात उभे. म्हटलं, "मामा, कुठं?"

"तुझ्या दुकानात. घरी करमत नाय."

दोन वर्षांत करमलं नाही ते आजच कसं जाणवलं कोण जाणे. दुकानात आल्यावर आतली मऊ खुर्ची दिली, ती नको म्हणाले. लोखंडी खुर्ची उचलून दाराजवळ ठेवली, तोंड दाराकडं. काठी दोन्ही गुडघ्यांच्या मधे. दिवसभर तसेच बसून.

बहुतेक रस्त्यावरची वर्दळ बघायला त्यांना आवडतं. चला, घराबाहेर तर पडले. काल सरकारनं दुष्काळ जाहीर केला, गावाकडून फोनवर फोन येतायत. त्यापेक्षा इथं बसलेलं बरं.

९ नोव्हेंबर

ती रेलणारी पोरं यायची बंद झाली. बाकीचीही खालच्या आवाजात बोलतात. दुकानावर माझा वचक बसायला लागला असं दिसतंय.

२४ नोव्हेंबर

मोठी चूक केली. तुर्की दुकानात सेल होता. ट्रॅक्टरचं चित्र बघून शर्यतीचा खेळ समजून एक घेतला. निघाली शेती! जमीन घ्यायची, नांगरायची, पेरायची, विकायची. तिथल्याच कुठल्या तरी छोट्या कंपनीचा खेळ, आणि ही स्वस्तातली प्रत फक्त तुर्की भाषेत. तळाची ओळ या वेळी मीच वाचली नाही. पोरांनी दोन मिनिटं बघितलं आणि म्हणाली, "काकू, हे काय बोअर!"

दुपारी कुणी नव्हतं म्हणून मीच उघडून बसले. मोठं पिवळं रान, बारीक उतार, कडेला एक घर. मी ट्रॅक्टर जोडला आणि वरून खाली नांगरायला लागले. मागून आवाज आला.

"असं न्हाई."

मामा. खुर्ची सोडून पाठीमागं उभे.

"काय असं न्हाई?"

"उताराच्या तोंडानं कोण नांगरतं? पानी पडलं की माती घेऊन जाईल. आडवं घाल."

"मामा, हा खेळ आहे. यात कुठलं पाणी?"

"पानी नसलं तरी आडवंच घालत्यात."

मी उठले. ते बसले. माऊस कधी धरलेला नव्हता, पहिल्यांदा ट्रॅक्टर सरळ घरात घातला. मी हसू दाबलं. त्यांनी शांतपणे मागं घेतला आणि पुन्हा निघाले. दीड तास. नांगराचं एक अख्खं तास वाकडं गेलं म्हणून ते पुन्हा नांगरलं.

१२ जानेवारी २०१९

पाणी आता पाचव्या दिवशी येतं. आज यायचं होतं, आलं नाही. टँकरसाठी आत्या रांगेत, मी दुकानात.

मामांची जागा ठरलेली आहे, दाराजवळचा पहिला कॉम्प्युटर. तो मीच तिकडं हलवला, कारण त्यांना दार दिसलंच पाहिजे असं ते म्हणतात. सातवीपर्यंत शिकलेले, इंग्रजी अक्षरं ओळखतात. तुर्की लिहितात त्याच अक्षरांत, म्हणून ते एकेक अक्षर जुळवून वाचतात. मला वाटलं होतं कंटाळतील. आज मला हाक मारली.

"सुरेखा, हे वाच. हवा. म्हंजी हवाच ना?"

बघितलं. हवामानाची खूण होती. "हो मामा."

"हे दुक्कान. ह्ये पाझार. बाजार म्हनतंय. ह्ये हेसाप, हिसाब. आन् ह्ये बघ, आराझी. आराजी! आमच्या निजामाच्या वक्ताच्या कागदावर असायचं. माझा बाप उर्दू शाळंत शिकलेला, त्यो वाचून दाखवायचा. आराजी म्हंजी जमीन. आन् साहिप म्हंजी साहेब, मालक." त्यांचा चेहरा मी असा कधी बघितला नव्हता. "ह्ये लोक तर आपल्यासारखंच बोलत्यात की."

मी शब्दकोशात बघायला लागले. पिकाला तिकडं माहसूल म्हणतात. मामांना सांगितलं.

ते हसले, अगदी मोठ्यानं. दोन पोरांनी कानांवरचे हेडफोन काढून बघितलं. "त्यांच्यात महसूल म्हंजी पीक, आन् आपल्यात महसूल म्हंजी पिकावरचा सारा! वाटंत कोन बसलं व्हतं ते कळतंय."

घरी आत्यांना सांगितलं, मामा आज हसले. त्या भाकरी थापत होत्या. थापायच्या थांबल्या. "खोटं."

"तुमची शप्पथ."

"आठशे रुपयाला आनलास म्हनं त्यो खेळ?"

"चारशेला, आत्या."

"बाई!" म्हणाल्या आणि पदरानं डोळे पुसले. चुलीच्या धुरानं म्हणावं तर घरात गॅस. मला वाटतं, एवढ्या स्वस्तात मिळाल्याचा त्यांनाही अभिमान वाटला असेल.

३ मार्च

मामांचं रान आता सहा एकरांवरून वीसवर गेलंय. खेळात सगळे पहिल्यांदा पाण्याचा पंप घेतात, इंटरनेटवर बघितलं मी. मामांनी घेतला नाही. "हिरीत पानी हाय का बघितल्याबिगर पंप घेत्यात व्हय?" बांधाला सूर्यफूल, मधे कापूस, एक पट्टा दर वर्षी पडीक. कॉलेजची पोरं आता मधूनमधून पाठीशी उभी राहून बघतात. आज एकानं विचारलं, "आजोबा, पट्टा रिकामा का ठेवला?" मामांनी त्याला अर्धा तास सांगितलं. दुष्काळी भागातला सिल्लोडचा पोरगा, घरी चाळीस एकर, आणि हे माहीत नाही!

६ मे

लिहायला हात उचलत नाही.

सुट्ट्या लागल्यापासून दुकान सकाळपासून भरलेलं. आज मी बँकेतून आले तर सहाही पडदे काळे आणि पोरं माझी वाट बघत उभी. मामा आपल्या पडद्यासमोर बसलेले. मला बघून शांतपणे म्हणाले, "सुरेखा, हिसाब बंद झाला म्हनतंय."

खरंच तसंच लिहिलं होतं. हेसाप, आणि पुढं बंद केल्याचं. ईमेल आलेलं. खात्यावरचा पत्ता तुर्कस्तानचा, पण खातं रोज भारतातून वापरलं जातं. हे नियमात बसत नाही. चौदा दिवसांत त्या देशात राहत असल्याचा पुरावा द्या, नाही तर खातं कायमचं जाईल. सोबत अकराही खेळ. आणि मामांचं रान.

पोरांना पैसे परत देऊन घरी पाठवलं. शटर अर्धं ओढलं. मामा उठेनात. काळ्या पडद्यावर त्यांचाच चेहरा दिसत होता.

"मामा, माझी चूक झाली. मी पत्ता खोटा घातला होता. स्वस्त मिळावं म्हणून."

मामांनी माऊस बाजूला सारला. मग म्हणाले, "कापूस वेचनीला आला व्हता."

एवढंच. त्यांची जमीन सरकारनं घेतली तेव्हा निदान नोटीस आली होती, सुनावणी झाली होती. ही दुसरी मी घालवली. हुशारीचा केवढा तोरा होता मला.

८ मे

बद्रीनाथ स्वतः दुकानात आला. म्हणाला, "भाभी, टेन्शन घेऊ नका. अंकाराचं लाइट बिल बनवून देतो. नाव तुमचं, पत्ता तोच. माझ्याकडं नमुना आहे. उद्या पाठवा, परवा खातं चालू."

मी विचारलं, "पकडतील?"

"कोण बघतंय एवढं? सगळे हेच करतात."

हे वाक्य माझंच होतं. या वहीत लिहिलेलं आहे.

तरी मी होच म्हणणार होते. सुट्ट्यांचा हंगाम, सहा कॉम्प्युटर, आणि मामा. पण मामा दाराजवळच्या खुर्चीवरून म्हणाले, "भाऊ, तुम्ही या आता." आवाज वर नाही, काही नाही. बद्रीनाथ गेला.

मग ते बोलायला लागले. इतकं सलग मी त्यांना कधी ऐकलं नाही.

"मोजनी आली तवा आपल्या शेजाऱ्यानं एका आठवड्यात डाळिंबाच्या काड्या खोवल्या. बाग म्हनून दाखिवली. एकानं कोरड्या हिरीत टँकर वतला. मला बी म्हनले, काकासाहेब, तुमी बी लावा. मी न्हाई लावलं. जे व्हतं ते दाखिवलं. हीर कोरडी तर कोरडी."

हे मला माहीत होतं. त्यांच्यामुळं आम्हाला मोबदला कमी मिळाला, हेही माहीत होतं. सुदर्शन तेव्हा बापाशी सहा महिने बोलले नव्हते. मी बोलत होते, पण मनातून मीही रागावलेलेच होते. एकदा स्वयंपाकघरात म्हणालेही होते, मामांच्या भोळेपणापायी आपलं नुकसान झालं. त्यांनी ऐकलं असेल का? घर लहान होतं.

"तुला वाटलं आसंल म्हातारा येडा हाय," मामा म्हणाले. "पन त्या जिमिनीनं साठ वर्सं मला खोटं दाखिवलं न्हाई. जाताना मी तिच्या नावावर खोटं कसं लिव्हू?"



९ मे

पत्र लिहिलं. आधी मराठीत लिहिलं, मग इंग्रजीत केलं. एक दुकानाला आणि एक त्या शेतीच्या खेळाच्या कंपनीला. मराठीतलं इथं उतरवून ठेवते.

"मी सुरेखा. मी तुर्कस्तानात राहत नाही, कधी राहिले नाही. मी भारतात औरंगाबादला राहते. भाव कमी होता म्हणून मी खोटा पत्ता दिला. माझ्याकडं पुरावा नाही, कारण जे खरं नाही त्याचा पुरावा नसतो. तुम्ही खातं बंद केलंत तर मी तक्रार करणार नाही. पण या खात्यात माझ्या सासऱ्यांनी सहा महिने केलेली शेती आहे. ते एकाहत्तर वर्षांचे शेतकरी आहेत, त्यांची खरी जमीन कारखान्यांसाठी गेली. चूक माझी आहे, त्यांची नाही. त्यांचं रान तेवढं वाचवता येईल का? आमच्या देशातल्या पूर्ण भावानं मी पुन्हा विकत घ्यायला तयार आहे."

मामांना वाचून दाखवलं. म्हणाले, "पाठव."

१६ मे

दुकानाचं उत्तर आलं. चार ओळी. खरं सांगितल्याबद्दल आभार, खातं पुन्हा उघडता येणार नाही.

अकरा खेळ गेले. मी माझ्या नावानं, माझ्या पत्त्यावर नवं खातं उघडलं आणि पूर्ण भावानं दोन खेळ घेतले. दोनच परवडले. दारावर कागद लावला: "इथं दोनच खेळ आहेत. दोन्ही पक्क्या खरेदीचे." सुदर्शननं कागद वाचला. मला वाटलं हसतील. त्यांनी सुटलेला कोपरा चिकटपट्टीनं नीट बसवला आणि कामावर गेले.

मामा रोज येतात. खेळ नाही, पडदा बंद, तरी दाराजवळच्या खुर्चीवर बसून असतात. सवय लागली त्यांना.

३० मे

आज मी दुकानातच ओरडले. खेळाच्या कंपनीचं उत्तर आलंय!

कंपनी म्हणजे दोघंच, बहीण आणि भाऊ. बहिणीचं नाव नुराय, तिनंच लिहिलंय. वडील कापूस पिकवायचे. ती म्हणते, दुकानाच्या नियमांपुढं आमचं चालत नाही, पण रानाची नोंद तुमच्या कॉम्प्युटरमध्येच राहिलेली असते. ती कुठं शोधायची ते लिहिलंय. ती मला पाठवा, मी तपासून परत देते. तुम्ही तुमच्या देशात खेळ विकत घ्या आणि ती त्यात ठेवा.

मी लगेच पाठवली. दुपारी दुसरं पत्र आलं, तिनं ती उघडून बघितली होती. पुढचं मी मामांना तीनदा वाचून दाखवलं.

"उताराला आडवं नांगरलं की ओल टिकते, हा नियम आम्ही खेळात गुपचूप घातला होता. आमच्या वडिलांची आठवण म्हणून. हजारो लोक खेळले, सगळ्यांनी पंप घेतला. पंप न घेता वीस एकर करणारे तुमचे सासरे पहिले. ते हे कुठून शिकले?"

मामा म्हणाले, "तिला लिव्ह, तुझ्या बापाला कुनी शिकविलं?"

लिहिलं. तासाभरात उत्तर आलं: "पाऊस न पडलेल्या वर्षांनी."

मामांनी मान हलवली. "बराबर हाय पोरीचं."

२ जून

खेळ आपल्या देशातल्या दुकानातून घेतला. पावती आली, माझं नाव, देवळाईचा पत्ता. नुरायनं दिलेल्या जागी नोंद ठेवली. पिवळं रान आलं. मग कापूस. पांढराशुभ्र, वेचणीला आलेला, जसा सोडला होता तसा.

मामांनी खुर्ची पुढं ओढली. पण आधी खेळानं नाव विचारलं. रानाचा मालक कोण? पूर्वी तिथं आपोआप आलेलं कुठलं तरी तुर्की नाव होतं, आम्ही बदललं नव्हतं. मी टाईप केलं: काकासाहेब.

"खोड ते."

"का मामा?"

"तुझं घाल."

"माझं? रान तर तुमचं आहे."

"कसतोय मी. घेतलं तू, दोनदा. एकदा खोट्या नावानं, एकदा खऱ्या." ते पडद्याकडंच बघत होते. "माझ्या सातबाऱ्यावर घरातल्या बाईचं नाव कधी लागलं न्हाई. तुझ्या सासूचं, आवडाचं, लावीन म्हनलं व्हतं, र्‍हाऊन गेलं. आन् मग जिमीनच गेली. घाल."

मी सुरेखा लिहिलं. अक्षरं दिसत नव्हती नीट. त्या काळ्या पडद्यांच्या दिवशी रडले नव्हते, ते आज पोरांसमोर रडले. सिल्लोडचा तो पोरगा उठून पाण्याची बाटली घेऊन आला. एवढ्या टंचाईत स्वतःची बाटली दिली त्यानं.

मामा तोपर्यंत कापूस वेचायला लागले होते.

१९ ऑगस्ट

नाशिककडच्या पावसानं पैठणचा नाथसागर भरायला लागला. इथं आभाळ कोरडंच, पण नळाला आता पाणी येईल म्हणतात.

नुराय विचारते, खेळ मराठीत करायचा का? पैसे फार देता येणार नाहीत, पण नाव लागेल. मामा आणि मी रोज दुपारी तीन तास शब्द काढतो. मी शब्दकोशातलं सांगितलं की ते तोंड वाकडं करतात. "बीज पेरणी यंत्र" म्हटलं तर म्हणाले, "तिफन म्हन की!" पाभर, कुळव, वरवर माती हलवायला वखर, त्या वखराची फेरी म्हणजे पाळी, धुरा, मोघण. यातले निम्मे शब्द मलाही नवे. शेतकऱ्याची सून आणि शेतकऱ्याची लेक असून! आतापर्यंत तीनशे बारा झाले. आत्यांनी खुरपणीचे अकरा दिले, आणि एक शब्द असा की तो खेळात घालता येणार नाही.

दुकानात आता पाच खेळ. मामा परवा फोनवर कुणाला तरी सांगत होते, "माझं न्हाई, आमच्या सुरेखाचं दुकान हाय. मी नुसता दारात बसतो."

१७ नोव्हेंबर

मराठी खेळ आज आला. सुदर्शननं सुट्टी काढली. आत्या पहिल्यांदाच पूर्ण दिवस दुकानात बसल्या, पारूबाईंना घेऊन. पारूबाई चक्क म्हणाल्या, "सुरेखा, तू बाई कमाल केलीस." पोरं भिंतीला टेकून उभी, जागा नव्हती.

शेवटी आभाराच्या यादीत आमचं आलं: काकासाहेब आणि सुरेखा, औरंगाबाद. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सुदर्शननं फोटो काढला, मग बापाजवळ जाऊन उभे राहिले. खांद्यावर हात ठेवला. तो बराच वेळ काढला नाही.

मी मामांकडं बघितलं, आता तरी काही म्हणतील. त्यांनी नाव वाचलंच नव्हतं. ते अवजारांच्या पानावर होते, नाक पडद्याला लागलेलं.

"सुरेखा, ह्ये काय लिव्हलंय?"

"काय झालं?"

"नांगराच्या चित्राखाली वखर! पाळी घालाया गेला मानूस तर सगळं रान उलथून बसंल."

यादी काढून बघितली. चूक माझीच, दोन ओळी खालीवर झाल्या होत्या. म्हटलं, "मामा, आज राहू द्या. उद्या नुरायला कळवते."

"उद्या कशाला? आत्ता लिव्ह." त्यांनी काठीनं खुर्ची माझ्याकडं ढकलली. "रब्बीची पेरनी चालू हाय. लोक खोळंबले असतील."